मराठी आठ

माझ्या शाळेत कुणी नापास झालं की पालकांना बोलावत नसत, डेंटिंगवाल्याला बोलावत. पाटीवर ‘मोटार ड्रायव्हिंग स्कूल’ असं लिहिलं होतं, त्यातल्या ‘स्कूल’ या एका शब्दावर आमच्या मूल गावच्या लोकांनी मला मास्तर करून टाकलं. मी स्वतः आठवी नापास. आठाचा आकडा माझ्या कुंडलीत वाकडाच आहे, त्याचा आणखी एक दाखला पुढे येईल.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी निरोप धाडला, ‘व्यवसायातले अनुभव लिहा, फक्त उपदेश नको.’ उपदेश न करता मास्तरनं लिहायचं म्हणजे क्लच न दाबता गिअर टाकायचा. मधूनमधून खरखर ऐकू येईल, वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आधी धंद्याची ओळख. शिकवायच्या गाडीत दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा त्याच्या डावीकडे बसलेल्या मास्तरच्या पायाशी. समोर म्हैस येते, शिकणारा घाबरतो, डोळे मिटतो आणि गाडी थांबते. घरी जाऊन तो सांगतो, ‘ऐन वेळी ब्रेक मारला म्हणून वाचलो.’ ब्रेक कुणी मारला ते आम्ही सांगत नाही. आत्मविश्वास, आत्मविश्वास म्हणतात तो निम्म्याहून जास्त मास्तरच्या उजव्या पायात असतो. आयुष्यभर दाबून दाबून माझ्या त्या पायाला अशी खोड लागली आहे की एसटीत पुढच्या बाकावर बसलो आणि रस्त्यात गाय दिसली तरी पाय फळीवर दाबला जातो. जावई मला त्याच्या गाडीत मागे बसवतो.

मी गाडी शिकलो ती ट्रकवर क्लीनर म्हणून. उस्ताद म्हणायचा, ‘देख के सीख.’ मी त्याच्या पायांकडे बघायला लागलो की डोक्यात टपली मारून म्हणायचा, ‘सामने देख.’ अशा उच्च शिक्षणातून बाहेर पडल्यावर मी ठरवलं होतं, आपली शाळा निघाली तर तिथं सगळं पद्धतशीर असेल. आणि खरोखर तसं केलं. भिंतीवर फळा लावला, खुणांचे तक्ते लावले, एक स्टिअरिंग लाकडी खांबाला ठोकलं. धडे ठरवले. पहिला धडा बसणे. मग ए, बी, सी, म्हणजे ॲक्सिलेटर, ब्रेक, क्लच. मग गाडी उठवणे, सरळ नेणे, वळवणे, आणि सगळ्यात शेवटी रिव्हर्स. रिव्हर्स शेवटीच का, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. सगळे शेवटी शिकवतात, म्हणून मी शेवटी शिकवायचो.

या पद्धतीवर माझ्याहून जास्त श्रद्धा असलेला एकच माणूस मला भेटला. नन्नावरे गुरुजी. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि निवृत्तीनंतर त्यांनी नवी कोरी गाडी घेतली. पहिल्या दिवशी गाडीत बसण्याआधी त्यांनी पिशवीतून कागद काढला. पाठटाचण! ज्यांच्या घरात कुणी गुरुजी नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, उद्या वर्गात काय शिकवणार हे आदल्या दिवशी लिहून ठेवायचं, त्याला टाचण म्हणतात. गुरुजींनी स्वतः शिकण्याचं टाचण काढलं होतं. घटक: क्लच. उद्दिष्ट: विद्यार्थ्यास क्लचची गोडी लागणे.

‘मास्तर, तुम्ही मला ज्ञानरचनावादानं शिकवा,’ गुरुजी म्हणाले.

‘म्हणजे कसं?’

‘विद्यार्थ्यानं आपलं आपण शिकायचं. शिकवणाऱ्यानं मध्ये पडायचं नाही.’

‘मग मला कशाला आणलं?’

‘आपलं आपण कसं शिकायचं, त्याच्या पायऱ्या ठरलेल्या असतात हो. प्रशिक्षणात तक्ता द्यायचे आम्हाला.’

मी मध्ये पडलो नाही. पुढच्याच वळणावर गुरुजी गाडीसकट नाल्यात पडणार होते, तेवढा माझा पाय मध्ये पडला.

गुरुजींना सगळं येत होतं. इंजिनाचे भाग चित्र काढून दाखवायचे. खुणा तोंडपाठ. लेखी परीक्षेत एक चूक नाही. फक्त गाडी चालायची नाही. सावली गावाच्या रस्त्यावर एकदा ऐन मध्यावर शेळी उभी राहिली. गुरुजींनी स्टिअरिंग सोडलं, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, ‘हा घटक अजून झालेला नाही.’ मी ब्रेक मारला. शेळीनं आमच्या दोघांकडे बघितलं आणि तिला जे समजायचं ते समजून ती निघून गेली. गुरुजी प्रत्यक्ष चाचणीत दोनदा नापास झाले आणि दोन्ही वेळा म्हणाले, ‘मूल्यमापनाची पद्धत सदोष आहे.’

अशा काळात प्रमिलाबाई आली. सावलीकडच्या एका खेड्यातली, चाळिशीच्या पुढची, गावातल्या बायकांच्या बचत गटाची अध्यक्ष. गट धान घेऊन तांदूळ काढायचा, भाजीपाला मूलच्या बाजारात आणायचा. एका योजनेतून गटाला मालवाहू गाडी मंजूर झाली होती. अट एकच, गटातल्या कुणाकडे तरी गाडीचं लायसन्स हवं, नाहीतर बाहेरचा ड्रायव्हर नेमा. बाहेरचा ड्रायव्हर तयारच होता. सरपंचाचा पुतण्या. तो घरोघरी सांगत फिरत होता, ‘काकू, तुमी फक्त बसाचं, चालवाचं मी पाहून घेतो.’ बायकांना पुढचं सगळं दिसत होतं. किल्ली एकदा त्याच्या खिशात गेली की गाडी बायकांची म्हणायची आणि वराती त्याच्या मित्रांच्या न्यायच्या. गटातल्या बाकीच्यांनी स्टिअरिंगला हात लावायला नकार दिला, म्हणून प्रमिलाबाई पुढे झाली. तालुक्याला लायसन्सचा जो पुढचा कॅम्प लागणार होता त्यात पास झाली तर गाडी तिची, नाहीतर पुतण्याची. गावच्या बैठकीत तसं ठरलंच होतं.

‘भाऊ, मले शिकवून द्या,’ ती म्हणाली. ‘मी मेहनत करतो.’ (मुद्रितशोधकांनी इथं हात लावू नये. आमच्याकडे बायका ‘मी करतो’ असंच म्हणतात, आणि करतातही.)

मी तिला फळ्यासमोर बसवलं आणि पहिल्यापासून सुरू केलं. ‘हे बघा, हे ए.’

‘ए काऊन म्हणता, भाऊ? मी का पोट्टी हाये?’

तिला वाटलं मी तिला ‘ए’ करून हाक मारतो आहे. ते मिटवण्यात निम्मा तास गेला. उरलेल्या निम्म्यात ती म्हणाली, ‘ज्यानं गाडी पळते, ज्यानं थांबते, ज्यानं सुटते, असं सांगा न.’ मी म्हणालो, पद्धत ए-बी-सीची आहे. ती गप्प बसली. मला वाटलं तिला पटलं.

गाडीत मात्र काही जमेना. पुढे जायचं म्हटलं की ती पायांकडे बघायची, वर बघितलं की पाय विसरायची. गाडी झटके देत बंद पडायची. रोज संध्याकाळी माझा उजवा पाय भरून यायचा. मी चिडून चिडून ए-बी-सी ओरडायचो आणि ती प्रत्येक ‘ए’ला माझ्याकडे वळून बघायची. कॅम्प जवळ येत होता. एकदा ती म्हणाली, ‘भाऊ, गाडी गेली तं बाया मले काई म्हणनार नाई. पन मी आपल्याले का म्हणू?’ मलाही तिची आशा राहिली नव्हती.

शाळेच्या मागे एक मोकळं आवार आहे. त्यात एक चिंच आणि थोड्या अंतरावर मोहाचं एक झाड. एका सकाळी तिनं गाडी चिंच आणि कुंपण यांच्यामध्ये अशी नेऊन घातली की पुढे भिंत, दोन्ही बाजूंना हातभर जागा. मी म्हणालो, ‘उतरा. मी काढतो.’

‘थांबा न, भाऊ,’ ती म्हणाली. गिअरच्या दांडीवरचं चित्र बघून तिनं रिव्हर्स टाकला आणि समोर भिंतीकडे बघत, गाडी सरळ रेषेत मागे काढली. चिंच गेली, कुंपण गेलं, फाटक गेलं आणि आम्ही रस्त्यावर आलो. झटका नाही, ओरखडा नाही. मी ब्रेकवर पाय ठेवायचंसुद्धा विसरलो होतो.

‘हे कुठं शिकलात?’

‘शिकाचं का हाये त्यात? रोवना करतो तं उलटंच चालतो न आमी.’

आमच्या झाडीपट्टीत धानाचा रोवणा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. धानाची रोपं चिखलात लावताना बायका ओळीनं वाकून उभ्या राहतात आणि लावत लावत मागे सरकतात. पुढे गेलं तर आपलंच लावलेलं आपल्या पायाखाली येईल. लहानपणापासून पावसाळाभर ही बाई नजर पुढे ठेवून मागे चालली होती. बांधी म्हणजे धानाचा वाफा, आणि त्याच्या कडेचा धुरा, म्हणजे बांध, कधी येतो हे वळून बघावं लागत नाही. ‘पाठीले कळते,’ ती म्हणाली.

मग तिनं मागणी केली. ‘भाऊ, मले उलटं पयले शिकवा.’

‘तो शेवटचा धडा आहे.’

‘मंग माह्यासाठी शेवटला धडा पयला करा.’

मी तिला पद्धतीचं महत्त्व सांगितलं. पाया, कळस, पहिली पायरी, दुसरी पायरी. गुरुजी बाजूलाच आपल्या टाचणासह उभे होते, त्यांनीही मान डोलावली. ते म्हणाले, ‘सोप्याकडून कठिणाकडे जायचं असतं.’

‘गुरुजी,’ ती म्हणाली, ‘मले जे सोपं हाये तेच तं मांगून राह्यलो.’

गुरुजींनी टाचण उलटून पाहिलं. मी हो म्हणालो ते तिचं पटलं म्हणून नाही, माझा पाय दुखत होता म्हणून. तेव्हापासून आमच्या आवारात गाडी उलटी चालू लागली. मोहाकडून चिंचेकडे, चिंचेकडून फाटकाकडे, सगळं मागे. येणारे-जाणारे थांबून बघायचे आणि विचारायचे, ‘मास्तर, पुढचा गिअर तुटला का?’ उलट्यात तिला क्लच कळला, ब्रेक कळला, स्टिअरिंग कळलं. मग एक दिवस तिनं आपणहून पहिला गिअर टाकला आणि सरळ निघाली. ‘पुढं जानं म्हंजे उलट्याचं उलटं,’ असा तिनं निकाल दिला.

इथं कुणी टाळ्या वाजवणार असेल तर जरा थांबावं. पाठीला धुरा कळतो, पण धुऱ्यावर बांधलेली म्हैस कळत नाही. एका दुपारी तिनं आरशात न बघता गाडी मागे घेतली आणि चहाच्या टपरीचं बाकडं मोडलं. बाकड्यावरचे दोघे वेळेत उठले म्हणून बरं. त्या दिवशी मी आवाज चढवला आणि तिनंही मान खाली घालून ऐकलं. ‘बांधीत बाकडं नसते न, भाऊ,’ एवढंच म्हणाली. तेव्हापासून आरशात बघायला लागली. आपली आपली पद्धत चांगली असते, फक्त तिचा आरसा कुणातरी दुसऱ्यानं दाखवावा लागतो. झाला हा उपदेश, संपादकांनी कापावा.

चाचणीतला मुख्य भाग म्हणजे आठ. मैदानावर चुन्याच्या फक्कीनं भला मोठा आठ आखलेला असतो आणि त्यावरून गाडी न थांबवता फिरवायची असते. माझ्या आवारात फक्की नव्हती, झाडं होती. चिंचेला एका बाजूनं फेरी, मोहाला दुसऱ्या बाजूनं फेरी, झाला आठ. प्रमिलाबाईला मी सांगायचो, ‘चला, दोन झाडं मारा.’ ती दोन झाडं मारायची. सरळ मारायची, उलटी मारायची, माझ्याशी गावच्या गप्पा करत मारायची. या प्रकाराला बाहेरच्या जगात आठ म्हणतात हे सांगायचं माझ्या डोक्यात आलं नाही. पाण्याला पाणी म्हणतात हे कुणी कुणाला सांगतं का?

कॅम्पचा दिवस उजाडला. मैदानाच्या एका टोकाला टेबल, टेबलामागे आरटीओचे साहेब. साहेब नवे होते, पश्चिम महाराष्ट्रातून बदलून आलेले, उन्हानं आधीच वैतागलेले. दोरीच्या अलीकडे आम्ही स्कूलवाले आणि उमेदवार. दोरीच्या आत मास्तरनं जायचं नाही आणि बाहेरून बोलायचं नाही. सरपंचाचा पुतण्याही आला होता. लायसन्स त्याच्याकडे होतं, काम काही नव्हतं. ‘काकूले हिंमत द्याले आलो,’ असं तो सगळ्यांना सांगत होता. गुरुजींची तिसरी खेप होती.

आदल्या संध्याकाळी त्याच मैदानात कबड्डीचे सामने झाले होते. आमच्या आठाच्या एका पोटातून कबड्डीची मधली रेष गेली होती आणि दुसरं पोट खेळाडूंनी पार पुसून टाकलं होतं. साहेबांनी त्या रांगोळीकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, ‘रेषा राहू द्या. अंदाजानं आठ काढा.’

प्रमिलाबाई गाडीत बसली. आरसा बघितला, पट्टा लावला. गाडी उचलली, मैदानाच्या वरच्या टोकाला नेली, तिथून तिरकी खाली आणली, खाली आल्यावर छान पोट काढून उजवीकडे वळवली, शेपटी सोडून दिली आणि थांबली. हातानं खूण केली, झालं.

मैदानात कुणाला काही कळेना. मला मात्र कळलं आणि माझा उजवा पाय धुळीत रुतला. बाईनं आठ काढला होता. शाळेच्या पाटीवर काढतात तो, उघड्या तोंडाचा, अस्सल मराठी ८.

साहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या, त्या कोणत्या लिपीतल्या होत्या ते कळायला मार्ग नव्हता. ‘हे काय केलं, बाई?’

‘आठ.’

‘याला आठ म्हणतात?’

‘मंग का नऊ म्हणतात? आमच्या फाट्यावर दगड हाये, त्याच्यावर सावली आठ लिहून हाये. पाहून या.’

पुतण्या पोट धरून हसायला लागला. ‘काकूनं मराठी आठ काढला!’ तो दोरीवरून ओरडला, आणि मग सगळं मैदान हसलं. खोटं कशाला बोलू, मीही हसलो असतो, पण तिचा चेहरा दिसला. स्टिअरिंग घट्ट धरून ती साहेबांकडे बघत होती, आणि या बाईला मी इतक्या दिवसांत पहिल्यांदाच घाबरलेली पाहिली.

‘उतरा,’ साहेब म्हणाले. ‘आठ जमला नाही की संपलं.’

‘साहेब, तुमाले कोनता आठ पायजे होता, तो तं दाखवा.’

साहेब वैतागले होते, पण माणूस सरळ होता. टेबलाजवळून उठले आणि बुटाच्या टोकानं धुळीत काढून दाखवला. एक गोल, त्याला चिकटून दुसरा गोल.

प्रमिलाबाईनं खिडकीतून मान काढून बघितलं. मग दोरीपलीकडे माझ्याकडे बघितलं. ‘हे तं दोन झाडं होय! भाऊ, सांगाचं नाई का?’

‘कसली झाडं?’ साहेबांनी विचारलं.

‘चिंच आन मोह.’

साहेबांनी मैदानभर नजर फिरवली. झाड एकही नव्हतं. निकालाच्या कागदावर त्यांनी अजून पेन टेकवला नव्हता, आणि प्रमिलाबाईचं लक्ष त्या पेनाकडेच होतं. ‘साहेब, लिहू नका. चाचनी अजून सुरूच हाये. मी गाडी बंद केली नाई.’ आणि खरंच, इंजिन चालू होतं. ‘गुरुजी, तुमी चिंच व्हा. आन तू रे, लय हासून राह्यला न, तू मोह हो.’

गुरुजी आयुष्यभर मुलांना झाडं बनवून उभं करत आले होते. स्नेहसंमेलनात संवाद पाठ नसलेल्या मुलाला झाडच करतात. पण टाचणात नसलेली गोष्ट त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा केली. दोरी उचलली, मैदानाच्या मधोमध गेले आणि दोन्ही हात पसरून उभे राहिले. मोह येत नव्हता, त्याला लोकांनी ढकलून आत पाठवलं. साहेब ‘अहो, अहो’ म्हणेपर्यंत प्रमिलाबाईनं गिअर टाकला. रिव्हर्स.

आरशात एकदा बघून, नजर समोर ठेवून ती मागे निघाली. चिंच डावीकडे ठेवून फिरली. गुरुजी डोळे मिटून उभे, हात तसेच पसरलेले, धोतराचा सोगा तेवढा वाऱ्यानं हलला. मग गाडी मागच्या बाजूनं मोहाकडे वळली. ती हातभर अंतरावर आली मात्र, मोह बोंब मारत दोरीकडे पळत सुटला. झाड पळालं तरी तिनं जागा सोडली नाही. जिथं मोह होता तिथं अजून मोह आहे असं धरून ती गोल फिरली, आणि पुन्हा चिंचेपाशी येऊन थांबली. लोक हसत होते, शिट्ट्या मारत होते.

साहेब म्हणाले, ‘बाई, आठ सरळ काढायचा असतो.’

‘उलटा आला तं सरळ येनारच न, साहेब. पन काढतो.’ आणि एकट्या चिंचेच्या भरवशावर तिनं सरळ आठही काढून दाखवला. इंग्रजी. दोन्ही पोटं सारखी.

साहेबांनी कागद पुढे ओढला. मग चढ, थांबणं, हातांच्या खुणा असं एकेक सगळं पद्धतशीर करून घेतलं, एकही पायरी सोडली नाही, आणि पास लिहिलं. वर मला बोलावून म्हणाले, ‘मास्तर, तुमच्या शाळेत झाडांची नावं शिकवता, आकडेही शिकवत जा.’ मी मान डोलावली. पुतण्या तोवर निघून गेला होता. गाडी गटाच्या बायकांकडे आली ती आजपर्यंत त्यांच्याकडेच आहे. वराती अजून नेलेल्या नाहीत.

गुरुजीही त्याच दिवशी पास झाले. मैदानाच्या मधोमध उभं राहिल्यावर आठ आतून कसा दिसतो ते कळलं, असं ते म्हणाले. त्यांची गाडी मात्र अजून अंगणातच आहे. रोज पुसतात, चालू करतात, बंद करतात. रस्त्यावर नेण्याचं टाचण तयार होत आहे.

माझी गोष्ट इथं संपवली असती तर संपादकांना आवडलं असतं. पुढे एवढंच झालं की माझ्या गुडघ्यानं ब्रेक दाबायला नकार दिला, मी निवृत्त झालो, आणि शाळा चालवायला घेतली प्रमिलाबाईनं. प्रशिक्षकाचा कागद काढला, हंगामात गटाची गाडी, एरवी सकाळी ड्रायव्हिंग स्कूल. बायका-मुली लांबून येतात. मी चिंचेखाली खुर्ची टाकून बसतो.

परवा कोरपन्याकडची एक मुलगी आली, कॉलेजात शिकणारी. प्रमिलाबाईनं तिला फळ्यासमोर बसवलं. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं आहे, ‘पाठ पहिला: रिव्हर्स’, आणि खाली दोन आठ, मराठी आणि इंग्रजी, मराठीवर फुली. नंतर मुलीला गाडीत घातलं आणि उलटं चालवायला लावलं. गाडी एकदा कुंपणाला लागली, एकदा मोहाला. तिसऱ्यांदा मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं.

‘मॅडम, मले पुढं जाणं आधी शिकवा न.’

‘नाई. पयले उलटं. रोवना करताना कसं मांगं जातो, तसं.’

‘मी रोवणा पाहिलाच नाई, मॅडम. आमच्याकडे कापूस हाये. कापूस वेचताना पुढंच जातात.’

‘तिकडे कापूस असन,’ प्रमिलाबाई म्हणाली. ‘इथी पद्धत हाये.’

मुलीनं खिडकीतून माझ्याकडे बघितलं. मी खुर्चीवरूनच म्हणालो, ‘बाई, ती पोरगी कापसातली आहे. तिला तिच्या...’

‘भाऊ, तुमी मधात बोलू नका. पद्धत बिघडते.’

गाडी पुन्हा उलटी सुटली, सरळ चिंचेकडे, माझ्याकडे. माझा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला. खाली नुसती माती होती.